मुलाची आकडी काय सांगते?

वर्गात एखादे मूल एकाएकी ताठ होते, हातपाय झाडू लागते. मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी देवऋष्याकडे धावतो. पण ही बाधा नव्हे. मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी एकमेकींना निरोप धाडतात. त्या लहरींचा एकदम कल्लोळ झाला की आकडी येते.

बहुतेक मुलांच्या आकडीमागे गाठ नसते. क्वचित मात्र मेंदूत वाढणारी गाठ भोवतालच्या पेशींना डिवचते. मेंदूच्या उजव्या बाजूकडे डाव्या अंगाचा कारभार असतो. म्हणून झटके कोठून सुरू झाले, याला महत्त्व. १८८४ साली लंडनमध्ये एका तरुणाच्या डाव्या अंगाचे झटके आणि डाव्या हाताची दुर्बळता यांवरून डॉक्टरांनी गाठीची जागा आधीच ताडली; शस्त्रक्रियेत ती तेथेच सापडली.

तेव्हा मुलाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. कोणता हात आधी उडाला, मान कोणीकडे वळली, हे लिहून ठेवा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर लगेच दवाखाना गाठा. पहिलीच आकडी असेल, तर ती थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. त्यातून सकाळची डोकेदुखी, वांती, नव्याने आलेला तिरळेपणा किंवा चालताना तोल जाणे असे काही असेल, तर मेंदूची एम. आर. आय. तपासणी लांबणीवर टाकू नका.

आकडी येते तेव्हा डॉक्टर जवळ नसतात. त्यांचे डोळे तुम्हीच.