भातावर मसूर: बेळगावच्या शिवारातला बेवड

मंडळाच्या बैठकीत वाचलेल्या टिपणाचा हा थोडा वाढवलेला मजकूर. किल्ले, शिलालेख, घराणी यांवर आपण पुष्कळ लिहितो. शेतात कशानंतर काय पेरायचं यालाही इतिहास असतो. तो मात्र बहुधा कुठेच लिहिलेला नसतो.

आमच्या घरात तो एका वहीत सापडला. आजोबांची जमीन बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या बाजूला. हिशेबाच्या वहीत मजुरी आणि बियाण्याच्या आकड्यांशेजारी दर वर्षी एक ओळ असायची: ‘खालचा तुकडा भात, मग मसूर. वरचा तुकडा भात, मग वाटाणा.’ पुढच्या वर्षी मसूर-वाटाण्याची अदलाबदल. लहानपणी मी कारण विचारलं, तर म्हणाले, “बेवड बघायला लागतंय बाळ. काल रानात काय होतं, त्यावर उद्याचं पीक.”

बेवड म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीत मागे राहणारा गुण. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’ असं शेतकरी म्हणतो तेव्हा हरभऱ्यानंतरचं पीक जोमदार येतं, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकात याला पिकांची फेरपालट म्हणतात. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं, की पाऊस कमी होत जातो आणि फेरपालटीची तऱ्हाही बदलत जाते.

पहिली तऱ्हा एकाच वर्षातली. बेळगाव, शहापूर, वडगाव, येळ्ळूर या शिवारांत पावसाळ्यात भात. कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा किंवा हरभरा. पाणी द्यायचं नाही. ओल आणि थंडीतलं दव यांवरच पीक निघतं. यात दोन्ही पिकं एकमेकांच्या उपयोगी पडतात. भाताची मुळं तंतूसारखी, वरच्या थरातली. हरभऱ्याचं सोटमूळ खाली जातं. भाताच्या साचलेल्या पाण्यात कोरड्या रानातलं तण टिकत नाही. भातावर पुन्हा भातच घेतलं तर खोडकिड्याला वर्षभर घर मिळतं. मधे कडधान्य आलं की ते मोडतं. आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून ठेवतात, त्याचा काही वाटा पुढच्या भाताला मिळतो.

दुसरी तऱ्हा वर्षाआड. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीत एका वर्षी जोंधळा, पुढच्या वर्षी कापूस किंवा हरभरा. जोंधळ्यावर जोंधळा का नको? एक कारण टारफुला. हे तण जोंधळ्याच्या मुळांना चिकटून त्याचा रस शोषतं आणि त्याचं बी वर्षानुवर्षं जमिनीत जिवंत राहतं. कापसाची गंमत अशी, की त्याच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचं बी उगवतं, पण कापसावर त्याला जगता येत नाही. उगवतं आणि मरतं. म्हणजे कापसाच्या वर्षात टारफुल्याचा साठा आपोआप कमी होतो.

तिसरी तऱ्हा तीन-चार वर्षांची, पाण्याखालच्या रानातली. उसाची लागण, मग खोडवा, आणि ऊस मोडल्यावर हरभरा, सोयाबीन किंवा गाडण्यासाठी ताग. ही मधली पायरी गाळून उसावर ऊस घेणारी रानं आज आपण पाहतोच. जोंधळ्यात तुरीच्या ओळी घालतात ती फेरपालट नव्हे, ते मिश्र पीक. पण हेतू जवळचाच.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात गहू, सलगम, बार्ली आणि क्लोव्हर हा नॉरफोकचा चौवर्षीय क्रम गाजला. क्लोव्हर हेही शेंगवर्गातलंच. पण या पिकांमुळे जमीन का सुधारते, हे हेलरिगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1886 मध्ये मांडलं. गाठींमधला जिवाणू बायरिंक यांनी 1888 मध्ये वेगळा केला. कारण प्रयोगशाळेत कळायच्या कितीतरी आधी त्याचा वापर रानात चालू होता.

आता वहीची शेवटची पानं. तिथे ‘मग मसूर’ हे शब्द गळायला लागतात. ‘भात. पाणी हटलं नाही.’ पुढच्या वर्षीही तेच. मसुरीला ओल लागते, पण साचलेलं पाणी सोसत नाही, मुळं कुजतात. आमच्या वरच्या अंगाला भराव पडला, प्लॉट झाले, पाणी वाहून नेणारी जुनी चर बुजली. भात कापून झालं तरी खालच्या तुकड्यात पाय रुतायचा. पेरणीची वेळ निघून जायची. आजोबांनी दोन वर्षं वाट पाहिली, चर उकरून पाहिली, मग खालचा तुकडा नुसत्या भातावर ठेवला. पुढे भातही उतरलं. शेवटची नोंद आहे: ‘बेवड मोडला.’

त्या दोन शब्दांमुळेच हे टिपण लिहिलं. पीक बुडालं तर पुढच्या साली परत येतं. क्रम मोडला, की तो माहीत असणारी माणसं आहेत तोवरच परत बसवता येतो. आणि त्यासाठी चर, ओढे, बांध हेही जागेवर असावे लागतात. शिवाराचा वारसा म्हणायचा, तर नुसती जमीन धरून चालणार नाही. तिच्यातून पाणी कुठून येतं, कधी उतरतं, हेही त्यात आलं.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात शेती केलेलं कुणी वडीलधारं असेल, तर विचारा: कुठल्या तुकड्यात कशावर काय घेत होता, आणि का? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून मंडळाकडे पाठवा. आमची वही मी मंडळात ठेवली आहे. तिच्याशेजारी आणखी चार याव्यात.