आतला कोपरा

फिलिप द्यूफूर या स्विस घड्याळजींचं ‘सिंप्लिसिटी’ हे घड्याळ हातात आलं, की जाणकार संग्राहक तबकडीवर फार वेळ रेंगाळत नाही. तिथे तास, मिनिटं आणि सेकंदाचा छोटा काटा, एवढंच असतं, तारीखसुद्धा नाही. तो घड्याळ उलटं करतो, डोळ्याला भिंग लावतो आणि मागच्या काचेतून एक कोपरा शोधतो. पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटून बघते, तसंच हे.

घड्याळातल्या चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना ब्रिज म्हणतात. त्यांच्या कडा तिरप्या घासून आरशासारख्या चकचकीत करतात. अशा दोन तिरप्या कडा जिथे आतल्या बाजूला वळून एकमेकींना भेटतात, तिथे सुईच्या टोकासारखी रेघ उमटायला हवी. यंत्राचं हत्यार गरगर फिरतं, म्हणजे ते गोलच असणार. ते कितीही बारीक घेतलं तरी आतल्या कोपऱ्यात थोडी गोलाई उरतेच. तिथवर पोचते ती फक्त हातातली कानस. कोपरा टोकदार दिसला की समजावं, इथे माणूस बसला होता.

मग झिलई. जुरा पर्वताच्या उतारांवर जेन्शियन नावाचं पिवळ्या फुलांचं रोप उगवतं. त्याची वाळकी काडी तासून, तिला झिलईची पेस्ट लावून कड घासत राहायचं. काडी इतकी मऊ असते, की धातूवर ओरखडा उठत नाही.

पण मला सगळ्यात थक्क करते ती पोलादाची ‘काळी झिलई’. पोलादाचा चिमुकला भाग सपाट धातूच्या पाटीवर हिऱ्याच्या अतिसूक्ष्म भुकटीत हलक्या बोटाने घासत राहतात. एखादा कण मध्ये आला की ओरखडा, आणि पुन्हा पहिल्यापासून. जमलं, तर पृष्ठभाग इतका सपाट होतो, की त्याच्यावर पडलेला सगळा प्रकाश एकाच दिशेला परततो. त्या दिशेला तुमचा डोळा असेल, तर पोलाद पांढरंशुभ्र झळाळतं. घड्याळ जरासं कलतं करा, तेच पोलाद काजळासारखं काळं! रंगाचा थेंबही नाही, नुसता सपाटपणा.

द्यूफूर यांचा जन्म १९४८चा, स्वित्झर्लंडच्या व्हॅले द जू या खोऱ्यातला. इथले शेतकरी एके काळी बर्फाच्या लांब हिवाळ्यात घरी बसून घड्याळाचे सुटे भाग बनवत. द्यूफूर यांची कार्यशाळा ल सोलिया गावातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. १९९२मध्ये त्यांनी आपोआप तास आणि पाव तासांचे ठोके देणारं यंत्र मनगटी घड्याळात बसवून दाखवलं. मग २०००मध्ये हे ‘सिंप्लिसिटी’. वीस वर्षांत जेमतेम दोनशेच्या आसपास झाली, आणि त्यांतली बरीचशी जपानला गेली. घेणारे वर्षानुवर्षं थांबले.

अचूक वेळेसाठी कुणी एवढं थांबत नाही. भिंतीवरचं साधं क्वार्ट्झ घड्याळ याहून अचूक असतं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ‘सिंप्लिसिटी’तलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, सेकंदाला फक्त पाच ठोके देतं. तरी दिवसाचे ४,३२,००० ठोके होतात, तेही दोन बोटांनी चावी दिलेल्या एका स्प्रिंगच्या बळावर. मला क्वार्ट्झच्या अचूकपणापेक्षा ही पाच ठोक्यांची शिस्त जास्त अद्भुत वाटते.

क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत स्विस घड्याळांचे कारखाने धडाधड बंद पडत होते. त्याच काळात, १९८५मध्ये, स्वेन्ड अँडरसन आणि विन्सेंट कालाब्रेसे यांनी स्वतंत्र घड्याळजींची संघटना उभी केली. आज अशा घड्याळजींच्या घड्याळांचे लिलाव गाजतात. २०२०मध्ये एक ‘सिंप्लिसिटी’ जिनिव्हात १३ लाख स्विस फ्रँकच्याही वर गेलं. त्या आकड्याची चर्चा फार होते. माझ्या लेखी या विषयातली ती सगळ्यात किरकोळ बाब.

त्याहून मोलाचं काम वेगळंच. द्यूफूर यांनी रॉबर्ट ग्रोबेल आणि स्टीफन फोर्सी यांच्यासोबत मिशेल बुलांजे या पॅरिसच्या शिक्षकाला हाताने चालणाऱ्या जुन्या हत्यारांवर अख्खं घड्याळ घडवायला शिकवलं. शिक्षक निवडण्यामागे हेतू सरळ होता : बुलांजे यांनी ती विद्या वर्गात न्यावी आणि विद्यार्थ्यांच्या हाती कानस द्यावी.