हजेरी क्रमांक सात आणि संगणकाची स्मृती

राजूरच्या एखाद्या शाळेत ‘सात नंबर, उभा राहा!’ अशी हाक दिली, तर प्रत्येक वर्गात एकेक मूल उभे राहील. हजेरी क्रमांक वर्गापुरताच असतो. जनरल रजिस्टरमधला क्रमांक मात्र साऱ्या शाळेत एकाच मुलाचा.

संगणकाच्या स्मृतीतही अशीच दुहेरी व्यवस्था आहे. प्रत्येक चालू प्रोग्रामला स्वतःपुरते पत्ते मिळतात. ते आभासी पत्ते. स्मृतीतील खऱ्या जागेचा पत्ता तो भौतिक पत्ता. दोहोंची सांगड घालणारा तक्ता ऑपरेटिंग सिस्टिम तयार करते आणि प्रोसेसर त्यानुसार खरी जागा गाठतो. नोंद एकेका बाइटची नसून अख्ख्या ‘पृष्ठा’ची असते, पृष्ठ बहुधा ४०९६ बाइटांचे. तक्त्यात नसलेली जागा प्रोग्रामला दिसतच नाही. म्हणूनच एक प्रोग्राम चुकला तरी शेजारच्याचे काम बिघडत नाही.

मात्र कधी कधी विशिष्ट भौतिक जागाच हवी असते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनेला जोडलेला दिवा लावायचा, तर ठरावीक भौतिक पत्त्यावर आकडा लिहावा लागतो. तेथे साठवणीची स्मृती नसते. पिनांचे नियंत्रण करणारे कप्पे असतात. लिनक्समध्ये ‘डेव्ह-मेम’ ही खास फाइल उघडून ‘एममॅप’ने मागणी केली, की ते पृष्ठ प्रोग्रामच्या तक्त्यात नोंदले जाते. मग तेथे लिहिणे साध्या चलात आकडा ठेवण्याइतके सोपे होते.

धोका येथेच आहे. २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये या कप्प्यांचा पत्ता एक होता. २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो बदलला. जुना पत्ता धरून नव्या यंत्रावर लिहिले, तर दिवा लागणार नाहीच. उलट दुसऱ्याच कुणाच्या स्मृतीवर घाला पडेल आणि यंत्र बंदही पडू शकेल. म्हणून ‘डेव्ह-मेम’ची किल्ली फक्त व्यवस्थापकाकडे असते. पुढे ‘जीपीआयओ-मेम’ ही वेगळी फाइल आली. तिच्यातून पिनांचे तेवढेच पृष्ठ मिळते आणि भौतिक पत्ता प्रोग्रामला माहीत असावा लागत नाही. सगळ्या शाळेची किल्ली देण्याऐवजी एका खोलीची दिली, एवढाच फरक. पण सुरक्षितता त्यातच आहे.

वर्गात दोन हजेरीपट मांडून विद्यार्थ्यांना विचारा: एकच जनरल रजिस्टर क्रमांक दोन्हीकडे नोंदला, तर काय होईल? दोन प्रोग्रामांनी एकच स्मृती वापरणे म्हणजे काय, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.