शिबिराच्या आधीचे चार रविवार

खानदेशात डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, भरिताच्या वांग्यांचा बहर आणि महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांची धांदल. जळगाव-भुसावळ हमरस्त्यावरच्या नशिराबादच्या एका अंगाला जळगाव आणि त्यापलीकडे बांभोरीजवळ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, तर दुसऱ्या अंगाला रेल्वेचे भुसावळ. या पट्ट्यात कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे आणि त्यांतले बरेचजण कधी ना कधी सात दिवसांच्या शिबिराला जातात. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे अशी अपेक्षा असते. शाळेच्या भिंती रंगतात, रस्ता झाडला जातो, शोषखड्डे खणले जातात, समारोपाला सरपंच येतात आणि आठव्या दिवशी बस परत निघते. या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. पण पुढच्या वर्षी त्याच गावात तोच शोषखड्डा बुजलेला दिसतो, तेव्हा कुठेतरी काही राहून गेले आहे हे मान्य करावे लागते. काय राहून गेले, याचे उत्तर शोधताना एका अनपेक्षित जागेकडे पाहावे असे मला वाटते: ख्रिस्ती महाविद्यालयांच्या आवारातल्या चॅपेलकडे, म्हणजे तिथल्या प्रार्थनामंदिराकडे, आणि तिथे नेमक्या याच दिवसांत पाळल्या जाणाऱ्या आगमनकाळाकडे.

आगमनकाळ म्हणजे नाताळापूर्वीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. तिथून चर्चचे नवे उपासना-वर्ष सुरू होते. हिरव्या डहाळ्यांच्या गोल चक्रात चार मेणबत्त्या उभ्या असतात. पहिल्या रविवारी एक पेटते, दुसऱ्या रविवारी दोन, असे करत चौथ्या रविवारी चारही. अनेक चर्चमध्ये तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, कारण तो या संयमाच्या काळातला आनंदाचा रविवार. बाजारातला नाताळ नोव्हेंबरातच दिव्यांच्या माळा लावून मोकळा होतो, पण चॅपेलमधला आगमनकाळ मुद्दाम उत्सव लांबणीवर टाकतो. या काळातली वाचनेही गोडगोड नसतात. त्यांत यशया संदेष्टा असतो, वाळवंटातून हाक देणारा बाप्तिस्मा करणारा योहान असतो. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावे? त्याचे उत्तर अगदी व्यवहारातले आहे. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक देऊन टाकावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये, शिपायाने कोणाला लुबाडू नये. म्हणजे इथे वाट पाहायची ती हात बांधून नव्हे. आपल्याकडे चातुर्मास आहे, कार्तिकातला काकडा आहे, हरिनाम सप्ताह आणि त्याला जोडून अन्नदान आहे. त्यामुळे नेमाने जमण्यातून माणूस तयार होतो, ही कल्पना मुक्ताईच्या या मुलुखाला नवखी नाही.

या मेणबत्त्यांच्या चक्राचा जन्म कुठे झाला ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराबाहेर योहान हिन्रिख विखर्न या तरुण धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये निराधार आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी एक घर काढले. शंभर मुलांची बराक उभारण्याऐवजी त्याने दहा-बारा मुलांची लहान लहान ‘कुटुंबे’ केली आणि प्रत्येक कुटुंबात एक मोठा भाऊ राहायला ठेवला. हे भाऊ म्हणजे सेवाकार्याचे शिक्षण घेणारे तरुणच होते. मुले रोज विचारत, नाताळ आला का? म्हणून १८३९ मध्ये विखर्नने गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर वीस लहान लाल व चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान आणि रविवारी एक मोठी मेणबत्ती पेटू लागली. आज जगभर देखणी सजावट म्हणून मिरवणारे हे चक्र अनाथाश्रमातून आलेले आहे. एकत्र राहणे, एकत्र प्रार्थना करणे आणि ज्याला कोणी नाही त्याचे होणे, या तिन्ही गोष्टी तिथे एकाच छपराखाली होत्या. माझे सगळे म्हणणे याच एका मुद्द्याभोवती आहे. या तीन गोष्टी वेगवेगळ्या केल्या, तर उपासनेचा सोपस्कार होतो, सहजीवनाचे स्नेहसंमेलन होते आणि सेवेचा कार्यक्रम होतो.

विद्यापीठाच्या चॅपेलची जगाला ठाऊक असलेली प्रार्थनासभा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातली. नऊ वाचने आणि त्यांच्या मधली गीते हा तिचा साचा. २४ डिसेंबर १९१८ रोजी ती तिथे प्रथम झाली आणि १९२८ पासून बीबीसीने ती घरोघर पोहोचवली. ती तिथे आणणारे डीन एरिक मिलनर-व्हाइट महायुद्धात सैन्यासोबत धर्मोपदेशक होते. युद्ध थांबून जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि कॉलेजची कितीतरी मुले परतलीच नव्हती. म्हणून आरंभीच्या आवाहनात गरीब, भुकेले, आजारी, शोकाकुल, एकाकी माणसांची आठवण आधी केली जाते. अंधाऱ्या चॅपेलमध्ये एकच मूल पहिले कडवे एकट्याने गाते आणि मग सगळे सूर मिळवतात. आज या सोहळ्याच्या तिकिटांची आणि सुरांच्या सफाईची चर्चा होते, पण मुळात ती दुःखात सापडलेल्या एका विद्यार्थी-वस्तीची उपासना होती.

आता आपल्या मराठी मुलखातला दाखला. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये लावलेल्या रोपट्यातून वाढलेली ही संस्था, आणि सेवा करून घेण्यासाठी नव्हे तर सेवा करण्यासाठी यायचे, हे तिचे ब्रीद. रुग्णालयाच्या आवारात चॅपेल आहे, वसतिगृहातले सहजीवन जुने आणि घट्ट आहे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खेड्यात मुक्काम करून पाहणी करावी लागते आणि चर्चच्या शिफारशीने आलेल्यांना शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ मिशन रुग्णालयात काम करणे बंधनकारक असते. प्रार्थना, पंगत आणि पाहणी तिथे एकाच वेळापत्रकात येतात. आरोळे दांपत्याने १९६० मध्ये विवाहाच्या दिवशीच खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य देण्याचा निश्चय केला. आधी नेवाशाजवळच्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये ते जामखेडला आले. तिथेही आधी गावाचे ऐकून घेतले. लोकांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवे होते, तेव्हा दुष्काळात तेच काम आधी झाले. हातपंप दलित वस्तीत बसवण्यावर त्यांनी भर दिला, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले.

मग गावांनी निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित अशा बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या आठवड्याला जामखेडला मुक्कामी येत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत, शेजारी शेजारी निजत. शिकणे त्यानंतरचे. जातीची भिंत या मुक्कामांत खचली नसती, तर बाळंतपणाच्या वेळी मराठ्याच्या घरात दलित बाईला कोण शिरू देणार होते? या भागात हजारी पावणेदोनशेच्या घरात असलेला बालमृत्यूंचा आकडा दोन दशकांत विशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि प्राथमिक आरोग्याच्या जागतिक विचारात जामखेडचे नाव कायमचे गेले. चार मेणबत्त्यांनी जामखेड उभे राहिले, असा भाबडा दावा मी करणार नाही. त्यामागे शास्त्र होते, चिकाटी होती, त्या बायकांची हुशारी होती. पण आधी थांबणे, सोबत राहणे आणि मग हात घालणे हा क्रम तिथे पाळला गेला, आणि त्या दोघांची घडण जिथे झाली त्या आवारात हा क्रम रोजचा होता.

इथे पहिला आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. शिक्षणसंस्थेत उपासना कशाला? सेवेच्या आडून धर्मांतर तर नाही ना? मिशन महाविद्यालयांत एके काळी बायबलचा तास सक्तीचा होता आणि त्यावर मोठे वाद झाले, हे विसरून चालणार नाही. माझ्या मते ती सक्ती चूकच होती. आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमाने हा प्रश्न नीट सोडवला आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय प्रार्थनेला बसवता येत नाही. चॅपेलची खरी कसोटीही हीच. दार उघडे असावे, पण आत ओढणारा हात नसावा. सेवेला अट जोडली की ती सेवा उरत नाही, मग ती अट कोणत्याही धर्माची असो. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा ठेवली होती. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी ख्रिस्ती कवीला जो मोकळेपणा साधला, तो आजच्या कॅम्पसला जड जाऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. देवाचे नाव न घेता सेवा होत नाही का? होते, आणि उत्तम होते. बाबा आमट्यांच्या आनंदवनाला देवळाची गरज पडली नाही. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने कितीतरी तरुणांना दिशा दिली. पण जवळून पाहिले तर तिथेही एकत्र जमण्याचा नेम आहे, पहाटेचे श्रम आहेत, सामूहिक गाणी आहेत, संध्याकाळची चर्चा आहे. गांधीजींच्या आश्रमात तर सकाळ-संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. म्हणजे श्रद्धेची अट नाही, नेमाची आहे. ज्याला देव मानायचा त्याने मानावा. न मानणाऱ्यानेही गावात शिरण्याआधी स्वतःला आणि सोबत्यांना थोडा वेळ देणे टाळू नये. उलट ज्यांच्याकडे चॅपेल आहे त्यांनाही बजावायला हवे की नुसता नेम पुरत नाही. कॅरोल सुंदर झाली आणि फाटकाबाहेरच्या वस्तीत कोण आजारी आहे हे कोणाला ठाऊक नाही, तर लोकांनी योहानाला विचारलेला प्रश्न आपल्यापुरता अनुत्तरितच राहिला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने समाजसहभागाचे तास पदवीच्या अभ्यासक्रमात आणले, ते या दृष्टीने मला मोलाचे वाटते.

बांभोरीच्या विद्यापीठात चॅपेल नाही, आणि ते बांधा असे मी म्हणत नाही. ते सरकारी विद्यापीठ सर्वांचे आहे. २०१८ मध्ये त्याला जिचे नाव दिले गेले ती असोद्याची लेक शाळेत गेली नव्हती. घरकामात आणि शेतात तिला देवही दिसला आणि गाणेही सुचले. नव्या शैक्षणिक धोरणाने आता समाजसहभागाला श्रेयांकही दिले आहेत. ती संधी आहे आणि धोकाही, कारण श्रेयांक मिळाला की काम संपले असे वाटू लागते. म्हणून या भागातल्या प्राचार्यांना आणि सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती साधी आहे. शिबिराचे गाव महिनाभर आधी ठरवा. त्याआधीचे चार रविवार मुलांना एकत्र बसवा, एक वेळ एकत्र जेवू द्या. पहिल्या रविवारी त्या गावाची माहिती समजून घ्या. दुसऱ्या रविवारी तिथल्या आशाताईंना आणि शेतमजूर बायकांना बोलवा आणि फक्त ऐका. तिसऱ्या रविवारी मुलांनीच गावात चक्कर मारावी, कामाची यादी गावाकडून घ्यावी. चौथ्या रविवारी त्यातले आपल्याला खरोखर झेपणारे एकच काम निवडावे. मग शिबिराला जा, आणि शिबिर संपल्यावर महिन्याभराने पुन्हा त्याच गावात जाण्याची तारीख समारोपाच्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा.