बाळंतिणीचे अश्रू

"डॉक्टर, अमेरिकेतही बायका सव्वा महिना पाळतात बरं का!" लेकीचे बाळंतपण उरकून टेक्सासहून परतलेल्या एक आजी दवाखान्यात सांगत होत्या. शेजारची मेक्सिकन मुलगी बाळंतीण होती. तिची आई तिला कोंबडीचे गरम सूप पाजायची, पोट बांधायची, गार वारा लागू द्यायची नाही. "पण पोरगी सारखी रडायची. अंगाने चांगली भरलेली, खाऊनपिऊन सुखी. मग रडायचे कारण काय?"

लॅटिन अमेरिकन कुटुंबांत या ४० दिवसांना 'क्वारेंतेना' म्हणतात. आईला विश्रांती मिळते, हा त्याचा मोठा गुण. पण अमेरिकेत आलेल्या अनेकींचे माहेर दूर राहते, भाषेची अडचण असते, कामावर लवकर जावे लागते.

बाळंतपणानंतर हळवेपणा बहुतेकींना येतो आणि दोन आठवड्यांत ओसरतो. त्यानंतरही उदासी राहिली, बाळ झोपले तरी झोप लागेना, बाळाची ओढ वाटेना, 'मी वाईट आई आहे' असे वाटू लागले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. अमेरिकेत साधारण ८ मातांपैकी एकीला अशी लक्षणे आढळतात.

लठ्ठ स्त्रियांत हे प्रमाण अधिक दिसते. त्यांना सिझेरियन, मधुमेह, रक्तदाब यांचा त्रास जास्त होतो, दूध उतरायला उशीर लागू शकतो, वर लोकांचे टोमणे. उलट नैराश्याने झोप व खाणे बिघडून वजन आणखी वाढते. तेव्हा भरलेले अंग म्हणजे सुख, हा समज सोडावा.

मीही पूर्वी अशा बाळंतिणींना "वजन उतरवा" एवढेच सांगून पाठवीत असे. ती माझी चूक होती. आता आधी मनाची चौकशी करतो. त्यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली १० प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली आहे; ती स्पॅनिशमध्येही वापरतात. रक्तक्षय व थायरॉइडही तपासावे. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने हा आजार बरा होतो. काही औषधे अंगावर पाजतानाही घेता येतात. वजनाचे नंतर, सावकाश पाहता येते. मात्र जीव द्यावा किंवा बाळाला इजा करावी असे विचार आले, तर तिला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आपल्याकडे 'टेलि-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आजींना मी म्हटले, "लेकीला फोन कराल तेव्हा बाळाच्या आधी तिची चौकशी करा. आणि त्या शेजारणीचीही करायला सांगा."