हुशार मुलांच्या हातात कानस

आयटीआय सुधारण्याच्या 'पीएम-सेतू' योजनेचे आकडे एव्हाना सगळ्यांना पाठ झालेत: ६०,००० कोटी रुपये, १,००० सरकारी आयटीआय, त्यांतल्या २०० मध्यवर्ती आणि ८०० त्यांना जोडलेल्या. ४ ऑक्टोबर २०२५ ला योजना सुरू झाल्यापासून चर्चा आहे ती कुठली यंत्रं घ्यायची आणि कुठली कंपनी कुठली आयटीआय हाती घेणार याची. मुलं निवडायची कशी आणि पहिल्या दिवशी त्यांच्या हातात द्यायचं काय, हा प्रश्न मागेच राहिला. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात त्याचं उत्तर फार पूर्वी शोधलं गेलं आहे आणि मला ते आजही पटतं. गणिताची परीक्षा घेऊन मुलं निवडा आणि निवडलेल्या मुलांच्या हातात कानस द्या.

नेट्टूर टेक्निकल ट्रेनिंग फाउंडेशन, म्हणजे एनटीटीएफ, ही मूळची केरळातल्या तलश्शेरीजवळच्या नेट्टूरची, स्विस मदतीतून उभी राहिलेली संस्था. तिचं मुख्यालय पीण्याच्या दुसऱ्या फेजमध्ये आहे. तिथे ती शोभतेही. शेजारच्या जलहळ्ळीत १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा कारखाना आला आणि अशा मोठ्या सरकारी कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेड पुढे पीण्यात दाटीने उभ्या राहिल्या. पत्रा कापायचा, वाकवायचा, ओढायचा तर डाय (पोलादी साचा) हवी. डाय विकत आणता येते; ती बनवणारा आणि बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस मात्र घडवावा लागतो. जवळच राजाजीनगरला १९७२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं ते याच गरजेतून. आपल्या छत्रपती संभाजीनगरातली इंडो-जर्मन टूल रूमही त्याच कुळातली.

या शाळांत दहावीनंतर शिरता येतं, पण सहज नाही. एनटीटीएफच्या प्रवेश परीक्षेत गणित, विज्ञान, इंग्रजी आणि तर्क पाहतात. मुलगा वर्गातल्या वरच्या बाकांवरचाच असतो, आणि घरच्यांनी त्याच्यासाठी बहुधा अकरावी-बारावी, मग इंजिनीअरिंग असं ठरवलेलं असतं. टूल अँड डायच्या बॅचमध्ये आजवर मुलगेच जास्त. नियमाने नसली तरी वहिवाटीने ही मुलांचीच शाळा होऊन बसली आहे.

आणि मग पहिल्या वर्षी बेंच फिटिंग. व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा, समोर खडबडीत कानस, नंतर बारीक कानस. एक बाजू सपाट करायची, दुसरी तिच्याशी काटकोनात आणायची, तिसरी दुसरीशी. गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरायचा. पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये. नवख्याची कानस हटकून झुलते. पुढे ढकलताना सुरुवातीला मागची कड खाते, शेवटी पुढची, आणि मधोमध उंचवटा राहतो. तो घालवायला ताकद लावून भागत नाही. पाय कुठे ठेवायचे, कोपर किती उचलायचं, वजन पुढच्या हातावरून मागच्या हातावर केव्हा न्यायचं, हे शरीराला कळावं लागतं. नंतर दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, सरकतील पण डुलणार नाहीत असे. मोजमाप शतांश मिलिमीटरचं. माणसाचा केसही त्याच्या कित्येक पट जाड असतो.

सीएनसी मशीन हेच काम काही मिनिटांत करतं, मग मुलांना एवढं राबवायचं कशाला, असा आक्षेप नेहमी येतो. मला तो वरवरचा वाटतो. एक मिलिमीटर पत्र्याला भोक पाडायचं तर पंच आणि डाय यांच्यात दर बाजूला पत्र्याच्या जाडीच्या साधारण पाच ते दहा टक्के फट ठेवतात, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग. फट कमी पडली तर धार लवकर मरते, जास्त झाली तर कापलेल्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येते. ही फट म्हणजे केवढी, हे ज्याने स्वतः कानस घासून अनुभवलं आहे, तो स्क्रीनवरचा आकडा चुकला की थबकतो. बाकीचे बटण दाबून मोकळे होतात.

गणिताची परीक्षा कशासाठी, हे साइन बारपाशी कळतं. ही एक अचूक घासलेली पट्टी, खाली दोन्ही टोकांना सारखे रोलर. त्यांच्या केंद्रांमधलं अंतर, समजा, १०० मिलिमीटर. ३० अंशांचा कोन हवा तर एका रोलरखाली ५० मिलिमीटर उंचीच्या स्लिप गेज (अचूक जाडीचे पोलादी ठोकळे) ठेवायच्या. २७ अंश हवेत तर ४५.३९९. स्लिप गेज स्वच्छ पुसून एकमेकींवर सरकवल्या की अशा चिकटतात की सहज ओढून निघत नाहीत. दहावीत कोष्टकात पाठ केलेला साइन इथे पोलादाच्या थप्पीत दिसतो. शाळेने आयुष्यभर वेगवेगळे ठेवलेले गणित आणि हात या टेबलावर एकत्र येतात. माझ्या मते या अभ्यासक्रमाचं खरं उद्दिष्ट इतकंच आहे, आणि ते थोडंथोडकं नाही.

बंगळूरपलीकडे बिडदीला टोयोटाने २००७ मध्ये काढलेली निवासी तंत्रशाळा याहून पुढे गेली. ग्रामीण कर्नाटकातले गरीब घरचे दहावी उत्तीर्ण मुलगे, कसून निवड, तीन वर्षं फुकट शिक्षण. तिथे अभ्यासक्रमाची वाटणी उघड सांगतात: ज्ञान १६ टक्के, कौशल्य ५० टक्के आणि शरीर-मन ३४ टक्के. आपल्या आयटीआयच्या वेळापत्रकात त्या ३४ टक्क्यांना जागाच नाही.

तरी परीक्षेवर फार विसंबू नये, असं मराठी माणसाने तरी म्हणायला हवं. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले. त्यांना रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकलेच्या चाळणीत ते गळाले असते आणि गळालेच. पण यांत्रिक रेखाटनात हात बसला. त्या जोरावर व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, बेळगावात सायकलचं दुकान थाटलं, लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिच्या लेथवर कर्नाटकातल्या कित्येक शेडनी धंदा उभा केला. नुसत्या पेपरात अशा माणसाला ओळखणार कसं? कागदाबरोबर पहिल्या महिन्यातलं बेंचवरचं कामही निवडीत धरावं. ठोकळा न कंटाळता तिसऱ्यांदा घासणारा मुलगा तिथे दिसतो.

मुलगीही दिसेल. या कामात मुलींनी मागे राहावं असं काही नाही. कानसीला जोर कमी आणि तोल जास्त लागतो. टोयोटाने सुरुवातीची मुलांची शाळा नंतर मुलींसाठी उघडली. बाकीच्यांनी वसतिगृहाची सबब किती वर्षं सांगायची?

आता पैशाबद्दल. यंत्रं येतील, पण झुलणारी कानस बघून कोपराला हात लावणारा निदेशक कुठून येणार? 'पीएम-सेतू'त शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी पाच राष्ट्रीय संस्था निवडल्या: भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर, लुधियाना. मुंबईत चुनाभट्टीला अशी संस्था आहे, ती यात नाही. तुमकूर रस्त्यावर, पीण्याच्या अगदी शेजारी, १९७१ मध्ये जर्मन मदतीने फोरमन घडवण्यासाठी काढलेली संस्था आहे, तीही नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांपासून भोसरीच्या प्रेस शॉपपर्यंत सगळे डाय-मेकर मिळत नाही म्हणून हैराण आहेत. यादीत सहावं आणि सातवं नाव घालायला नवी इमारत लागणार नाही.