सेमाडोहच्या म्हाताऱ्यांसाठी डॉक्टरांचं पाठ्यपुस्तक

मेळघाटातली आरोग्यसेवा कुपोषण आणि बालमृत्यूंभोवती उभी राहिली, ते योग्यच होतं. पण सेमाडोहसारख्या कोरकू आदिवासींच्या गावात साठी ओलांडलेल्यांना तपासायचं कसं, हेही डॉक्टर-परिचारिकांना शिकवायला हवं. साधनं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची, वृद्धांच्या काळजीसाठीची ‘आयकोप’ पुस्तिका स्मृती, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि नैराश्य तपासायला शिकवते. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायला 14 सेकंदांहून जास्त लागले, तर पुढची तपासणी करायची. खुर्चीच्या या चाचणीला यंत्र लागत नाही आणि ती काही सेकंदांत होते. त्यामुळे ‘डॉक्टर-परिचारिकांवर आधीच कामाचा बोजा आहे’ हा आक्षेप इथे टिकत नाही.

अडचण स्मृतीच्या चाचणीत आहे. ती आजची तारीख विचारते. कधी शाळेत न गेलेल्या कोरकू आजीला तारीख सांगता आली नाही, म्हणून तिला स्मृतिभ्रंश झाल्याचं ठरवणं अन्यायाचं आहे. हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षरांसाठी हिंदी चाचणी खास घडवली गेली. तशीच कोरकूत घडवून, गावात पडताळून घ्यावी लागेल. डॉक्टर बदलून जातात हे खरं, म्हणूनच या तपासण्यांचं प्रशिक्षण गावातच राहणाऱ्या आशाताईंना आधी मिळावं.